तीन घरांच्या मधोमध

मागच्या डिसेंबरातली एक अख्खी दुपार मी उद्धवरावांच्या पलंगापाशी पांढऱ्या दोऱ्याचं टोक धरून ओणवा उभा होतो. दुसरं टोक त्यांच्या हातात होतं आणि मध्ये पलंगभर छत्रपती संभाजीनगर पसरलेलं होतं. नकाशा जुना असल्यामुळे त्यावर औरंगाबाद असंच छापलेलं होतं. आम्ही हॉटेल शोधत होतो.

दोन रात्रींसाठी हॉटेल शोधायला दोरा लागतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

उद्धवराव माझे शेजारी. बुलडाण्यात आमच्या दोन घरांत एक सामायिक भिंत आहे आणि तिच्यावरून आमचा कधी वाद झाला नाही, कारण विटा येण्याआधीच त्यांनी ती मोजून निम्मी-निम्मी करून ठेवली होती. मूळचे देऊळघाटचे. छत्तीस वर्षं जमीन मोजणीच्या खात्यात भूकरमापक होते. चिखली, मेहकर, मोताळा, जिथे कुठे दोन शेतांच्या मधल्या बांधावरून दोन माणसं कुऱ्हाडी घेऊन उभी राहिली, तिथे त्या दोघांच्या मध्ये उद्धवराव साखळी घेऊन उभे राहिले. एवढ्या वर्षांत त्यांनी मनुष्यस्वभावाबद्दल एकच निष्कर्ष काढला, आणि तो ते कोणालाही, न विचारता, सांगतात : माणूस कमी मिळालं म्हणून भांडत नाही, दुसऱ्याला जास्त गेलं म्हणून भांडतो. दाखल्यादाखल अमडापूरचे दोन सख्खे भाऊ असतात. दीड हाताच्या पट्टीवरून ते एकमेकांच्या मुलींच्या लग्नाला गेले नाहीत. पट्टीवर एक बोरीचं झाड होतं. बोरं आंबट होती.

हे सगळं ठीक. पण या तत्त्वज्ञानाचा उपयोग त्यांनी हॉटेल निवडायला करावा, हे मला अजून पटलेलं नाही.

हॉटेल पाहिजे होतं शारदावहिनींना. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. एकतीस वर्षं चौथीला शिकवलं, आणि दर वर्षी वेरूळचं कैलास लेणं फळ्यावर काढून दाखवलं. आधी कळस काढायच्या, मग खाली खाली येत पाया. कारण ते तसंच वरून खाली खोदलेलं आहे. दर वर्षी वर्गातून कोणीतरी विचारायचं, "बाई, तुमी पाह्यलं का?" वहिनी म्हणायच्या, "पुढच्या वर्षी जाणार आहे." शाळेच्या सहली लोणारला गेल्या, सिंदखेडराजाला गेल्या, शेगावला तर इतक्यांदा गेल्या की मुलं रांगेत उभं राहायला तिथेच शिकली. वेरूळ जिल्ह्याबाहेर. परवानगीचा कागद वर जायचा आणि वरच राहायचा.

बरं, वहिनी त्या शहरात कधी गेल्याच नाहीत असंही नाही. लग्नानंतर एकोणीस वेळा गेल्या. हा आकडा त्यांचा आहे. तिथून वेरूळ तासाभरावर. एकोणीस वेळा त्या तासाभराच्या अंतरावरून परत आल्या.

कारण त्या शहरात त्यांची तीन घरं आहेत. सिडकोत उद्धवरावांची धाकटी बहीण जनकाबाई, शहरातल्याच सातारा भागात वहिनींचे भाऊ उत्तमराव, आणि हर्सूलला उद्धवरावांचा पुतण्या राम. तिघंही प्रेमळ, आणि वहिनींच्या हाताला चव आहे हे तिघांनाही ठाऊक. उन्हाळ्यात वहिनी जाणार असं कळलं की जनकाबाई तीन दिवस आधी कुरडयांचे गहू भिजत घालायच्या. दिवाळीच्या आधी कळलं की उत्तमरावांकडे अनारशाचे तांदूळ भिजायचे. रामच्या घरी नुसती मुलं होती, पण त्या मुलांना मोठ्या आईच्याच हातच्या पोळ्या लागायच्या. एकदा तर वहिनी दातांच्या डॉक्टरकडे म्हणून गेल्या आणि सहा किलो पापड लाटून परत आल्या. दात अजून तसाच आहे.

म्हणून विसाव्या वेळी त्यांनी दोन अटी घातल्या. मी तेव्हा त्यांच्या ओसरीवर चहा पीत होतो, त्यामुळे साक्षीदार आहे.

"लॉजवर राह्याचं," वहिनी म्हणाल्या. "अन् कोणाले सांगाचं नाई."

उद्धवरावांची बशी ओठापाशीच थांबली. "तीन घरं असून लॉजवर?"

"तीन घरं हायेत म्हणूनच लॉजवर."

"मॅडम," उद्धवराव त्यांना असंच म्हणतात, शाळेतली बाकीची मंडळी म्हणायची तसं, "उद्या जनकाले कळलं तं?"

"सांगतलं नाई तं कळत नाई. तिले काय स्वप्न पडते?"

वारही ठरले. शनिवारी उद्धवराव उपाशी राहून मारुतीला जातात, त्यामुळे गाव सोडत नाहीत. बुधवारी आमच्या गल्लीत नळाची पाळी. ती चुकली तर पुढे दहा-बारा दिवस ड्रमच्या तळाकडे बघत बसायचं. म्हणजे रविवारी जायचं, मंगळवारी परत. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात. उरला सोमवार. तो एकच. हे वहिनींनी तीनदा सांगितलं. वर्गात महत्त्वाचं वाक्य त्या तीनदाच सांगत असत.

त्यांचा मुलगा आल्हाद पुण्याला असतो. त्याला फोन केला. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, हिमानीनं, मिळून चार मिनिटांत हॉटेल काढलं. मी घड्याळ लावलं नव्हतं, पण चहा अजून गरम होता.

"बाबा, बसस्टँडच्या अगदी समोर," आल्हाद सांगत होता. "हिरवा बोर्ड आहे. खोली स्वच्छ, गरम पाणी. आईला नुसता रस्ता ओलांडायचा, की वेरूळची बस. करू का बुक?"

"थांब," उद्धवराव म्हणाले.

मी त्या शब्दाकडे तेव्हा लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं. पुढचे नऊ दिवस त्या 'थांब'मध्ये गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नकाशापाशी बोलावलं. तिन्ही घरांवर तांबड्या शाईनं फुल्या होत्या, स्टँडवर निळी.

"भाऊ, हे पाहा. स्टँडपासून उत्तमचं घर साडेचार किलोमीटर. जनकाचं साडेपाचच्या आत-बाहेर. म्हंजे हे हॉटेल उत्तमच्या बाजूले सरकलेलं आहे."

"पण उत्तमरावांना तुम्ही सांगणारच नाही आहात. कोणालाच सांगणार नाही आहात."

"सांगणार नाई. पण उद्या निघालंच, तं जनका काय म्हणते? दादा आला अन् बायकोच्या भावाच्या अंगानं उतरला. माही बहीण आहे ते, तिले दोरा लागत नाई, ते नजरेनं मोजते. ह्याच्यापेक्षा एक पॉइंट असा काढू, जो तिघाईलेही सारखा. मंग कोणाचं काही म्हणणं राह्यत नाई. धरा हे टोक."

मी टोक धरलं. या सगळ्या प्रकरणात माझा अपराध काही असेल तर तो इथून सुरू होतो.

तीन बिंदूंपासून सारख्या अंतरावरचा बिंदू काढता येतो हे आपण शाळेत शिकलो आणि सुदैवानं विसरलो. उद्धवराव विसरलेले नव्हते. पहिल्या दिवशी दोरा ताणला गेला म्हणून बिंदू चुकला. दुसऱ्या दिवशी, नकाशाला जिथे घडी पडते तिथे दोनशे मीटर हरवले आहेत असं त्यांच्या लक्षात आलं. तिसऱ्या दिवशी रामनं नवीन घर घेतलं आहे का जुन्याच घरात आहे याबद्दल शंका निघाली, आणि तसं थेट विचारता येईना म्हणून रामला त्याच्या मुलीच्या परीक्षेबद्दल विचारून पिनकोड काढून घेण्यात आला. पाचव्या दिवशी एकदाची पेन्सिल टेकली. बिंदू औरंगपुऱ्याकडे, जुन्या भाजीमंडईत पडला.

"हा घ्या!" उद्धवराव म्हणाले. छत्तीस वर्षांत त्यांच्या तोंडावर असा आनंद मी पाहिला नव्हता. पाहण्याची सोयही नव्हती, तेव्हा ते शेतात असायचे.

"मंडईत झोपायचं का पण?" वहिनींनी आतून विचारलं.

"मंडईसमोर लॉज आहे ना. पाह्यतो."

मग लॉजवाल्यांना फोन सुरू झाले. ते भिंतीपलीकडून मला सगळे ऐकू यायचे.

"तुमच्या दारापासून सिडको किती आहे हो?... बरं. अन् हर्सूल?... नाई नाई, मले जाचं नाई तिथी. जाचं नाई म्हणूनच तं विचारून राह्यलो!"

दोन लॉजवाल्यांनी फोन ठेवला. तिसऱ्यानं न कंटाळता सगळं सांगितलं, म्हणून संक्रांतीनंतरच्या रविवारची खोली त्याच्याकडे ठरली. त्या लॉजचं नाव मी इथे देत नाही. पुढे जे झालं त्यात त्याची काडीचीही चूक नव्हती. स्टँडपासून दीड किलोमीटर. आल्हाद पुण्याहून म्हणाला, "बाबा, पण का?" त्याला दोऱ्याबद्दल सांगण्यात आलं. मग हिमानीनं फोन घेतला आणि विचारलं, "बाबा, आईंना काय पाहिजे होतं?" उद्धवराव म्हणाले, "वेरूळ." हिमानी म्हणाली, "हो ना."

इथपर्यंतही निभलं असतं. दीड किलोमीटर म्हणजे काय, रिक्षा असते. पण निघायच्या चार दिवस आधी, वहिनी पलीकडच्या गल्लीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेल्या असताना, भिंतीपलीकडून पुन्हा उद्धवरावांचा आवाज आला. या वेळी तो सरकारी होता.

"जनका, कळवून ठेवतो. रविवारी दुपारी आम्ही येऊन राह्यलो. मंडईसमोरचं लॉज, दुसरा मजला, खोली नंबर सहा. मंगळवारी सकाळी वापस. तुले याची गरज नाई, फक्त माहीत असावं... अवं, राग कायचा? तुह्या घरून जेवढं, तेवढंच उत्तमच्या घरून. मी मोजलं आहे."

पाठोपाठ उत्तमराव, पाठोपाठ राम. तिघांनाही तोच मजकूर, त्याच क्रमानं.

मी चपला घातल्या आणि त्यांच्या ओसरीवर गेलो. "उद्धवराव, अहो, वहिनींची अट काय होती?"

ते गोंधळले, पण अर्धवटच. "भाऊ, नोटीस न देता कसं करता येईन? मोजणी असली की लगतच्या सगळ्याईले आधी नोटीस द्याच लागते. मोताळ्याकडं एकदा एका लगतच्याची नोटीस राहून गेली होती. पूर्ण मोजणी रद्द. मे महिन्यात पुन्हा मोजली, अन् वरून मले मेमो."

"ही मोजणी नाही, सहल आहे."

"पण मोजलं तं आहे ना?"

मी चपला पुन्हा घातल्या आणि घरी आलो. मी वहिनींना सांगायला हवं होतं, हे मान्य. पण सामायिक भिंतीचा नियम असा की पलीकडचं ऐकू येतं, आणि ऐकू आलेलं नाही असंच वागायचं असतं. त्या संध्याकाळी वहिनी तिळगूळ द्यायला आल्या तेव्हा त्यांनी बाजारातून आणलेले पांढरे बूट दाखवले. नाडीचे. आयुष्यात पहिल्यांदा घेतले होते, लेण्यांत चालायला. मी म्हणालो, छान आहेत. एवढंच म्हणालो.

पुढचं मला त्या दोघांनी वेगवेगळं सांगितलं. जिथे दोघांचं जुळतं तेवढंच लिहितो.

रविवारी दुपारी धाड-भोकरदनवरून आलेली गाडी स्टँडवर लागली. समोर हिरवा बोर्ड होता. वहिनी त्याच्याकडे थोडा वेळ पाहत उभ्या राहिल्या. उद्धवराव रिक्षा बघत होते. रिक्षा मंडईपाशी आली, दोघं दुसऱ्या मजल्यावर चढले, आणि मॅनेजर म्हणाला, "सर, पाहुण्यांना आत बसवलंय." खोली नंबर सहामध्ये राम, त्याची बायको प्रेरणा, दोन मुलं आणि चार खणांचा डबा होता.

वहिनींनी उद्धवरावांकडे पाहिलं. उद्धवराव खिडकीतून मंडईकडे पाहत होते.

दिवेलागणीला उत्तमराव आणि त्यांच्या पत्नी वंदनाताई आले, डबा घेऊन. त्यानंतर जनकाबाईंनी पाठवलेला डबा आला. त्या स्वतः सकाळी येणार होत्या. वहिनींना तीनदा जेवावं लागलं आणि तिन्ही वेळा सारखंच जेवावं लागलं, कारण उद्धवराव पाहत होते. झोपण्याआधी त्या म्हणाल्या, "उद्या सातची गाडी. मी साडेसहाले तयार राह्यते." उद्धवराव म्हणाले, "हाव, हाव."

सोमवारी सकाळी साडेसहाला वहिनी अंघोळ करून, केसांना पिन लावून, पांढऱ्या बुटांच्या नाड्या बांधून पलंगावर बसल्या होत्या. उद्धवराव दाढी करत होते. दार वाजलं.

जनकाबाई. हात रिकामे होते. एकोणीस वेळांचा अनुभव असलेल्या वहिनींना त्या रिकाम्या हातांचीच भीती वाटली. आणि ती खरी ठरली, कारण जनकाबाईंच्या मागून जिना चढत हमाल येत होता आणि त्याच्या डोक्यावर पोतं होतं.

"वयनी! अवं बाप्पा, खाली वटाणा काय आला आहे वं! पाह्यला अन् जीवच राह्यला नाई. हे लॉज काय मोक्याचं पाह्यलं दादानं, मंडईच्या उरावर!" पोतं फरशीवर टेकलं. "बसू अर्धा घंटा, सोलून टाकू. हात चालले की बोलणंही होते."

"जनकाताई, मले सातची गाडी—"

"अवं गाड्या तं दिवसभर असतात. वटाणा दिवसभर राह्यते का ताजा?"

पलंगावरची चादर काढून फरशीवर अंथरली गेली, पोतं उलटं झालं, आणि महाराष्ट्रात बहुधा पहिल्यांदाच लॉजच्या खोलीत सकाळी पावणेसातला वाटाणे सोलायला सुरुवात झाली. आठला उत्तमराव-वंदनाताई आले. त्यांना वाटलं निरोप द्यायला यावं. बसले. साडेआठला मुलांना शाळेत सोडून प्रेरणा आली; तीही बसली. मॅनेजर आवाज कसला म्हणून बघायला आला, त्याच्या ओंजळीत दाणे घातले गेले, तो खात खाली गेला.

वहिनी पलंगाच्या काठावर बसून सोलत होत्या. पाय खाली सोडलेले.

"वयनी, पायात बूट काऊन?" जनकाबाईंनी विचारलं.

"थंडी आहे."

"पाहा बाई! मास्तरीणबाई झाली म्हणून बूट घालून वटाणे सोलते. आमच्या घरी आली असती तं गादीवर पाय घेऊन बसली असती. पण नाई! आमची घरं नाई पटत आता. लॉज पटते."

"तसं नाई जनका," उद्धवराव म्हणाले. इतका वेळ ते शेंगांची टरफलं एका बाजूला सरळ रेषेत लावत होते. "हे तिघाईच्या मधोमध आहे. कोणाले कमी नाई, जास्त नाई."

"कुठी मधोमध? मले याले पंचवीस मिनिटं लागले. उत्तमभाऊ, तुमाले किती लागले?"

उत्तमराव प्रामाणिक माणूस. "अठरा," ते म्हणाले.

"पाह्यलं? पाह्यलं ना! बायकोचा भाऊ अठरात, सख्खी बहीण पंचवीसमध्ये!"

"अंतर सारखंच आहे!" उद्धवरावांचा आवाज चढला. "तुह्या रस्त्यावर सिग्नल जास्त हायेत, त्याले मी काय करू? अंतर सरळ रेषेत मोजतात!"

"मंग मी काय उडत येऊ का?"

उद्धवरावांनी पिशवीतून नकाशा काढला. वाटाणे बाजूला सारून तो चादरीवर पसरला गेला. वंदनाताईंनी एक कोपरा धरला, प्रेरणानं दुसरा. उत्तमराव चष्मा शोधू लागले. सगळी डोकी खाली वाकली.

वहिनी उठल्या. "चहा सांगते खाली," म्हणाल्या. कोणी मान वर केली नाही.

पंधरा मिनिटांनी वेटर चहा घेऊन आला. तोवर उद्धवरावांचं बोट सिडकोच्या तिसऱ्या सिग्नलपर्यंत पोचलं होतं. त्यांनी सवयीनं कप मोजले. पाच. माणसं मोजली. ते स्वतः, जनका, उत्तम, वंदना, प्रेरणा. पाच.

"एक कप कमी आहे," ते म्हणाले.

"बाईंनी पाचच सांगितले," वेटर म्हणाला. "आणि स्टँडचा रस्ता विचारला."

उद्धवरावांनी फोन लावला. फोन टरफलांच्या ढिगात वाजला.

इथून पुढचं एकट्या वहिनींकडून कळलेलं. त्या दीड किलोमीटर चालत गेल्या. रिक्षा केली नाही. बूट नवीन होते, चालायलाच घेतले होते. सव्वादहाची गाडी मिळाली, खिडकी मिळाली. वेरूळला पोचल्यावर त्या आधी कैलासाच्या आत गेल्या नाहीत. शेजारच्या पायवाटेनं टेकडीवर चढल्या, कारण एकतीस वर्षं त्यांनी ते वरून खाली शिकवलं होतं. वरच्या कडेला उभ्या राहून त्यांनी आधी कळस पाहिला, मग सावकाश उतरत, थांबत, पाया. गुडघा दुखला, त्याला दुखू दिलं. खाली कुठल्याशा शाळेची सहल आली होती आणि एक शिक्षिका मुलींना हे पायापासून वर बांधत नेलं असं सांगत होती. वहिनींनी तिला गाठून दुरुस्ती सांगितली. तीनदा सांगितली.

चार तास त्या तिथे होत्या. दुपारी पायरीवर बसल्या तेव्हा स्वेटरच्या खिशात मूठभर वाटाणे निघाले. तेच खाल्ले.

मी विचारलं, कसं वाटलं? तर म्हणाल्या, "भाऊ, मी फळ्यावर हत्ती लहान काढत होती. फार लहान."

संध्याकाळी सहाला त्या खोली नंबर सहामध्ये परतल्या तेव्हा मंडळी तिथेच होती. वाटाणे संपले होते. उद्धवरावांनी मॅनेजरकडून वाटी मागून दाण्यांचे चार सारखे वाटे केले होते. वहिनींना बघून ते उभे राहिले. रागवायचं होतं, पण कशावरून ते ठरत नव्हतं.

"न सांगता गेल्या तुमी मॅडम," ते म्हणाले.

"हाव," वहिनी म्हणाल्या. "नोटीस द्याची राहून गेली."

जनकाबाईंनी मात्र डोळ्यांना पदर लावला. "वयनी, वेरूळले जाचं होतं तं सांगाचं ना वं! आमी सारे आलो असतो. डबे घेऊन आलो असतो. तिथी बसून सोलले असते वटाणे."

मंगळवारी दोघं परत आले. बुधवारी नळ आला. त्या आठवड्यात आम्हाला त्यांच्या घरून दोनदा वाटाण्याची उसळ आली, आणि मी ती मुकाट्यानं खाल्ली.

उद्धवराव मात्र महिनाभर घुश्श्यात होते. बायको एकटी गेली यापेक्षा बहिणीनं पंचवीस मिनिटं काढली, हे त्यांना जास्त लागलं होतं. छत्तीस वर्षांत त्यांची एकही मोजणी अशी भर सभेत खोटी पडली नव्हती. जनकाबाईंनी पुढे फोनवर तीन सिग्नल बंद पडून गाड्या तुंबल्या होत्या हे कबूल केलं, पण त्यानं उद्धवरावांचं समाधान झालं नाही.

परवा ते ओसरीवर मला म्हणाले, अगदी हळू, भिंत ऐकते म्हणून जास्तच हळू : "भाऊ, एक सांगतो, घरात बोलू नका. मंगळवारी आपली गाडी लागायले उशीर होता. मी सहज वेरूळच्या गाड्या लागतात तिथून त्या हिरव्या बोर्डाच्या दारापर्यंत मोजत गेलो. चौऱ्याऐंशी पावलं. नुसती चौऱ्याऐंशी!"

मी काही बोलायच्या आधी आतून, कढईच्या आवाजाच्या वरून, वहिनींचा आवाज आला.

"माह्या पावलानं शंभर अन् सहा. मी सोमवारीच मोजली. हिमानीले सांगून मार्चातल्या दोन रात्री तिथीच घेतल्या आहेत. अजिंठा."

उद्धवरावांनी माझ्याकडे पाहिलं. मग घरात पाहिलं. "मार्चात?" त्यांनी विचारलं. "मंग जनकाले—"

कढईचा आवाज थांबला.

"नाई," उद्धवराव म्हणाले. "काही नाई. नाई सांगत."